देशात सेकंदात, परदेशी दिवसांत: बँकेतून पैसे पाठवण्यामागचा इतिहास

देशातल्या देशात पाठवलेली रक्कम अनेक ठिकाणी आता काही सेकंदांत समोरच्याच्या खात्यात दिसते. तीच परदेशी पाठवली तर कधी दोन-तीन दिवस लागतात, वाटेत शुल्क कापलं जातं, आणि अर्जात पत्त्यापासून पाठवण्याच्या कारणापर्यंत सगळं भरावं लागतं. हा फरक संगणकांमुळे पडलेला नाही. तो हिशेबाच्या वह्यांमुळे पडतो, म्हणजे कुणाची खाती कुणाकडे आहेत यामुळे, आणि वह्यांची गोष्ट जुनी आहे.

दूरच्या माणसाला पैसे देताना नाणी न्यायची नाहीत, हे व्यापाऱ्यांनी फार पूर्वीच ठरवलं होतं. हुंडी असो, अरब व्यापाऱ्यांचा सुफ्तजा असो की इटालियन पेढ्यांची विनिमयपत्रं, रीत एकच: इथे पैसे भरा, चिठ्ठी घ्या, तिथल्या पेढीवर ती वटवा. दोन पेढ्यांचा आपसातला हिशेब मागाहून. म्हणजे सगळा डोलारा पेढ्यांच्या एकमेकींवरच्या भरवशावर. १६०९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये दुसरी वाट निघाली. शहराने विनिमय बँक काढली आणि ६०० गिल्डर किंवा त्याहून मोठ्या रकमेच्या हुंड्या तिथेच चुकवायच्या असा नियम केला. व्यापाऱ्यांना तिथे खाती उघडावीच लागली. मग देणं फेडणं म्हणजे एकाच वहीत एकाच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा, एवढंच उरलं. भरवशाची साखळी किंवा सगळ्यांची सामाईक वही, या दोन वाटांपलीकडे आजही तिसरी फारशी कुणी काढलेली नाही.

सामान्य माणसापर्यंत ही सोय बँकांनी नव्हे, टपालखात्याने आणली. १८८३ मध्ये ऑस्ट्रियाच्या टपाल बचत बँकेने खात्यातून खात्यात रक्कम वळवण्याची सेवा सुरू केली. स्वित्झर्लंडने १९०६ मध्ये आणि जर्मनीने १९०९ मध्ये तोच कित्ता गिरवला. या देशांत देणारा स्वतः बँकेला सांगायचा, ‘माझ्या खात्यातून इतके तिकडे टाका.’ ब्रिटन-अमेरिकेत मात्र चेक रुजला. त्यात देणारा कागद लिहितो, घेणारा तो बँकेत टाकतो आणि वटतो की नाही याची वाट पाहत बसतो. पहिली पद्धत उघडच बरी. आजचं प्रत्येक ऑनलाइन हस्तांतरण तिच्याच वळणावर चालतं.

तारायंत्राने वेग दिला. वेस्टर्न युनियनने १८७१ मध्ये तारेने पैसे पाठवण्याची सेवा सुरू केली. अटलांटिकखालची टिकाऊ केबल १८६६ पासून होतीच. पण तार खरंच त्याच बँकेने पाठवली, हे ओळखायचं कसं? म्हणून बँकांनी गुप्त संकेतांची पुस्तकं ठेवली. रक्कम, तारीख, चलन यांवरून एक चाचणी-अंक काढायचा, तो संदेशात घालायचा. पलीकडच्या कारकुनाने आपल्या पुस्तकावरून तो पडताळायचा. टेलेक्सच्या काळातही हेच चालू राहिलं, आणि त्यात व्हायच्या त्या चुका होत राहिल्या.

याला कंटाळून १५ देशांतल्या २३९ बँकांनी १९७३ मध्ये ब्रसेल्सला ‘स्विफ्ट’ ही सहकारी संस्था काढली. तिचं जाळं १९७७ मध्ये सुरू झालं. स्विफ्टमधून पैसे जातात असा सर्रास समज आहे. तिथून जातो तो फक्त संदेश, ठरलेल्या साच्यातला. ग्राहकाच्या हस्तांतरणाच्या जुन्या साच्यात तपशिलासाठी ३५ अक्षरांच्या चार ओळी होत्या, म्हणजे सगळी मिळून १४० अक्षरं. बँकेच्या अर्जात ‘तपशील’ लिहिताना मध्येच जागा संपते ती बऱ्याचदा यामुळे. ‘शुल्क कोण भरणार: पाठवणारा, घेणारा की दोघं?’ हा प्रश्नही त्याच साच्यातल्या एका रकान्याचा.

देशांतर्गत व्यवहारांनी अ‍ॅमस्टरडॅमची वाट धरली. देशातल्या बँकांची खाती मध्यवर्ती बँकेत असतातच, त्यामुळे सामाईक वही आयती तयार होती. सुरुवात संथ होती. ब्रिटनमध्ये १९६८ पासून बँका चुंबकीय फितींवर व्यवहारांच्या याद्या देऊ लागल्या आणि एका फेरीला तीन दिवस लागायचे. मोठ्या रकमांसाठी पुढे प्रत्येक व्यवहार तत्क्षणी पुरा करणाऱ्या आरटीजीएस व्यवस्था आल्या. छोट्या ग्राहकाची पाळी त्यानंतर: ब्रिटनची फास्टर पेमेंट्स २००८, भारताची आयएमपीएस २०१०, ब्राझीलची पिक्स २०२०.

परदेशी व्यवहाराला अशी वहीच नाही. जगाची मध्यवर्ती बँक अस्तित्वात नाही, म्हणून तिथे अजून हुंडीचाच न्याय चालतो. आपली बँक परदेशातल्या एखाद्या बँकेत खातं ठेवते, त्याला नॉस्ट्रो म्हणतात. समोरच्या बँकेशी थेट नातं नसेल तर मध्ये एक-दोन बँका येतात, आणि प्रत्येक जण आपला हिस्सा कापून घेऊ शकतो. शिवाय घड्याळं वेगळी. २६ जून १९७४ रोजी जर्मनीतली हेरश्टाट बँक दुपारी बंद करण्यात आली. तिला जर्मन चलन मार्क देऊन मोकळ्या झालेल्या बँकांना न्यूयॉर्कमध्ये मिळायचे डॉलर मिळालेच नाहीत. या धोक्यावर उपाय म्हणून दोन्ही चलनांचं देणं एकाच वेळी फेडणारी सीएलएस ही व्यवस्था यायला २००२ उजाडलं, तीही मुख्यतः बँकांच्या मोठ्या चलनव्यवहारांसाठी.

अर्जातले नाव-पत्त्याचे रकाने २००१ नंतर कडक झाले. अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर एफएटीएफ या काळा पैसा आणि दहशतवादाचा पैसा रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय गटाने पाठवणाऱ्याची ओळख संदेशाबरोबर शेवटपर्यंत गेलीच पाहिजे असा आग्रह धरला.

खाते क्रमांकाची गोष्ट मला जास्त खटकते. १९९७ च्या आयबॅन या आंतरराष्ट्रीय खाते-क्रमांकाच्या मानकात ३४ पर्यंत अक्षरं आणि सुरुवातीला दोन तपासणी-अंक आहेत. ९७ ने भागून बाकी पाहिली की टंकलेखनातली चूक जागीच सापडते. पण क्रमांक बरोबर आणि माणूस भलताच असेल तर? अनेक देशांत वर्षानुवर्षं नाव नुसतं लिहून घेतलं जायचं, रक्कम क्रमांकावर जायची. नाव जुळतं का हे पाठवण्याआधी सांगायला ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी २०२० मध्ये सुरुवात केली, युरो क्षेत्रात ते ऑक्टोबर २०२५ मध्ये बंधनकारक झालं. पैसे सेकंदात आणि परत न फिरण्यासारखे जाऊ लागल्यावर ठगांचं फावणार हे दिसत असताना एवढा उशीर झाला, याला बँकांकडे पटण्याजोगं उत्तर नाही.

सीमेपलीकडचं शुल्क युरोपात उतरलं तेही कायद्याने. २००१ च्या नियमाने युरोतल्या हस्तांतरणाला देशांतर्गत व्यवहाराइतकंच शुल्क बंधनकारक केलं, आणि सेपा ही समान पद्धत त्यानंतर, २००८ मध्ये आली. इतरत्र स्विफ्टने २०१७ पासून संदेशाला माग काढता येईल असा क्रमांक दिला. त्यामुळे रक्कम कुठे अडकते तेही दिसू लागलं. बँका-बँकांमधला प्रवास बहुतेक वेळा लवकर उरकतो. सर्वाधिक वेळ जातो तो घेणाऱ्याच्या बँकेत पोचल्यावर, तिथल्या चलनविषयक तपासण्या, कामाचे तास आणि कागदपत्रं यांत.