दूरस्थ बांधकाम तपासणी

दूरस्थ बांधकाम तपासणी : बांधकामाच्या जागी न जाता, तेथील कॅमेऱ्यातून येणारे थेट चित्रण पाहून आणि कॅमेरा धरणाऱ्याला बोलून सूचना देऊन कामाची पाहणी करण्याची पद्धत. खांबावरचा सीसीटीव्ही राखण करतो. या पद्धतीत मात्र कॅमेरा कुठे न्यायचा हे तपासणारा ठरवतो.

तिचा खरा उपयोग पुढे झाकल्या जाणाऱ्या कामासाठी होतो. स्लॅबचे काँक्रीट ओतले की आतल्या सळया कोणालाच दिसत नाहीत, म्हणून त्यांची जाडी, त्यांतील अंतर आणि सळया साच्यापासून वर उचलून धरणारे खालचे कव्हर ब्लॉक (छोटे ठोकळे) आधीच तपासावे लागतात. तपासणारा अधिकारी वेळेवर आला नाही तर सळया बांधणाऱ्या फिटरपासून काँक्रीटच्या पंपापर्यंत सगळे खोळंबतात.

जपानमध्ये या पद्धतीला ‘एन्काकु रिंजो’, म्हणजे दुरून जागेवर हजर राहणे, असे म्हणतात. तेथील भूमी, पायाभूत सुविधा, वाहतूक व पर्यटन मंत्रालयाने २०२० मध्ये आपल्या कामांवर तिचा प्रायोगिक वापर सुरू केला आणि २०२२ पासून ती नियमितपणे राबवली. टप्प्याटप्प्याची तपासणी, मालाची तपासणी आणि अधिकाऱ्याच्या उपस्थितीत करायची इतर कामे तिच्या कक्षेत येतात. कंत्राटदाराचा माणूस अंगावर किंवा हेल्मेटवर कॅमेरा लावून फिरतो. कामाचे नाव, आराखड्यातील माप आणि प्रत्यक्ष माप फळ्यावर लिहून दाखवतो. सळयांवर मोजपट्टी ताणून धरली जाते आणि अधिकारी पडद्यावरूनच आकडा वाचतो.

भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रकल्पांचे दरमहा ड्रोनने चित्रीकरण सक्तीचे केले. चालू आणि मागील महिन्याचे तुलनात्मक चित्रण ‘डेटा लेक’ या पोर्टलवर चढवले जाते आणि वादाच्या वेळी पुरावा म्हणूनही उपयोगी पडते. मात्र ही प्रगतीची नोंद झाली. सळईच्या बांधणीची तपासणी आकाशातून होत नाही.

पद्धतीची मुख्य अडचण तांत्रिक नाही. कॅमेरा ज्याच्या हाती असतो, त्याच्याच कामाची तपासणी चाललेली असते; म्हणून कोणता कोपरा दाखवायचा हे अधिकाऱ्याने आयत्या वेळी सांगणे महत्त्वाचे ठरते. चित्रणातून खोलीचा अंदाजही नीट येत नाही. हातोडीने ठोकल्यावर काँक्रीटमधून येणारा पोकळ आवाज माइकमधून ओळखणे अवघड असते, आणि बांधणीच्या तारेची ढिलाई तर सळईवर पाय देऊनच कळते. बोगद्यात किंवा डोंगराळ भागात नेटवर्क तुटले, तर अधिकाऱ्याला जागेवरच जावे लागते.