संगिनीच्या पात्यावरचं १९०७

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात फौजेत गेलेल्या माणसाचं घर शोधायला लांब जावं लागत नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे आणि रेजिमेंटची मुळं १७६८ पर्यंत मागे जातात. तेव्हा माळ्यावर एखादी जुनी संगीन निघाली, तर इथं कुणाला फारसं नवल वाटत नाही. घरातलं कुणीतरी ती उजेडात धरून सांगतं, "आज्जाची आहे. १९०७ सालची, बघा, लिहिलंयच की!"

लिहिलंय खरं, पण ते साल नमुन्याचं. ब्रिटिश फौजेच्या ली-एन्फिल्ड रायफलीसाठी हा नमुना १९०७ मध्ये मंजूर झाला आणि पुढे पहिलं महायुद्ध संपेपर्यंत ब्रिटनमध्ये बनलेल्या नगांवर तोच आकडा ठोकला गेला. नग कधी बनला ते त्याच्याखाली बारीक आकड्यांत असतं. २ आणि १७ दिसले, तर फेब्रुवारी १९१७. त्याखाली कारखान्याचं नाव: विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन वगैरे. सगळ्यात वर मुकुट आणि 'जी आर', म्हणजे राजा जॉर्ज. भारतात बनलेल्या नगावर बहुधा 'जी आर आय' दिसतं, कारण इथं तो सम्राटही होता. 'आर एफ आय' असेल तर कलकत्त्याजवळची इशापूर रायफल फॅक्टरी. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले.

हे वाचलं की घरातल्या काही कथा अडचणीत येतात. उदाहरणार्थ, 'आज्जानं ही पहिल्या महायुद्धात, इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यातून आणली.' त्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, हे खरं. पण २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली आणि शिपाई युद्धकैदी झाले. कैदेतून परतलेला माणूस सोबत संगीन घेऊन येणं अवघडच. त्यात पात्यावर ४३, म्हणजे १९४३ असेल, तर विषयच मिटला.

पातं उलटवलं की खरी गंमत सुरू होते. मुठीलगतच्या सपाट भागावर बाणाची खूण, छोटे मुकुट, त्यांच्याखाली आकडे-अक्षरं आणि एक फुली दिसते. बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर माल सरकारी खात्यातून विकून टाकलेला. मुकुट-आकडे तपासनिसांचे. फुली मात्र शास्त्राच्या दृष्टीनं सगळ्यात बोलकी. पातं वाकवून पाहिलं आणि ते उत्तीर्ण झालं, याची ती पावती.

पोलाद लाल तापवून झटकन थंड केलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग ते पुन्हा बेतानं तापवून थोडा कडकपणा सोडावा लागतो. यालाच पाणी देणं म्हणतात. ते जास्त चढलं तर पातं वाकवताना तुटतं, कमी पडलं तर वाकलेलंच राहतं. नीट जमलं तरच सरळ होतं. यातून एक साधा निष्कर्ष निघतो: फुली ही पाणी दिल्यानंतरच पडलेली असणार. म्हणजे ती गार, कडक पोलादावर घण घालून उमटवलेली. हा मुद्दा पुढे लागेल.

आता टेप काढा. मूळ पातं १७ इंच, म्हणजे साधारण ४३ सेंटिमीटर. आपल्याकडे बरेचदा १२ इंची सापडतं. दुसऱ्या महायुद्धात लांब संगीन अडचणीची ठरली, म्हणून भारतात जुनी पाती कापून आखूड केली आणि नवीही आखूडच बनवली. ओळखायचं कसं? पात्यावरची लांब खाच पाहा. मूळ पात्यात ती टोकाच्या बरीच अलीकडे संपते. आखूड पात्यात थेट टोकापर्यंत धावत असेल, तर पातं कापलेलं. आखूड पात्याला खाचच नसेल, तर ते बहुधा युद्धकाळात घाईनं बनवलेलं.

ही खाच रक्त वाहून जायला असते, हे गावोगाव ऐकू येतं आणि ते खोटं आहे. धारेच्या दिशेनं जोर आला की ताण पाठीवर आणि धारेवर येतो, मधलं पोलाद जवळजवळ रिकामं बसलेलं असतं. तेवढं काढलं की वजन उतरतं आणि ताकद फारशी जात नाही. रेल्वेच्या रुळाची कंबर बारीक असते ती याचमुळे.

खुणा घासून गेल्या असतील तर? पहिला उपाय फुकटचा: अंधाऱ्या खोलीत मोबाईलची टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा आकडा सावलीनं उठून येतो. तसाही आकडा दिसला नाही, तरी पोलादात काहीतरी उरलेलं असतं. त्या फुलीसारखा गार धातूवर ठसा मारला की त्याच्या खालच्या थरातले स्फटिकही दबतात, विस्कटतात. वरचा खड्डा कानशीनं घासला तरी हा दबलेला थर राहतो आणि योग्य आम्ल लावल्यावर आजूबाजूच्या पोलादापेक्षा वेगळा झिजतो. चोरीच्या मोटारसायकलीचा घासलेला चासी नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळा याच युक्तीनं वाचते. घरी मात्र हा उद्योग नको, त्यात पातं खराब होतं. आणि लोहारानं तेच पातं कोयत्यासाठी लालबुंद तापवलं असेल, तर स्फटिक नव्यानं जुळतात आणि तिथं प्रयोगशाळाही हात टेकते.

संगिनींची खरी हानी मात्र खंडेनवमीला होते. आदल्या दिवशी चिंच, रांगोळी, नाहीतर सरळ पॉलिश पेपर घेऊन पातं लखलखीत केलं जातं. काळपट थर घट्ट बसलेला असेल, तर तो पुढच्या गंजाला बऱ्यापैकी आवर घालतो, त्याला हात लावू नये. लाल, भुरभुरणारा गंज तेवढा तेल लावून मऊ फडक्यानं काढावा. ओल्या कुंकवाचा टिळा मुठीवर लावा, पात्यावर नको. पूजा झाली की मशीनच्या तेलाचा हात फिरवून ठेवा, आणि चामड्याच्या म्यानात नको, कारण चामडं ओल धरून बसतं. खानापूरच्या बाजूला पावसाळा कसा असतो ते सांगायला नको.

विकत घ्यायची असेल तर आधी पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे चौकशी करा. शस्त्र कायद्याच्या नियमांत तलवार-खंजिराच्या जोडीला संगिनीचं नाव घेतलेलं आहे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. १९१७ चा नग ती रेषा ओलांडून गेला आहे, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाला आठवण म्हणून पाठवायचा बेत असेल तर तो आधीच सोडा.