मनोराज्य रंगवा, पण विषय आधी ठरवा

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत दुपारी अडीच-तीनच्या सुमारास डोकावलं, तर बऱ्याच जणांचे डोळे पुस्तकावर आणि मन भलतीकडेच असतं. पान संपल्यावर लक्षात येतं की चार परिच्छेद नुसते डोळ्यांखालून गेले. मग 'आपलं लक्षच लागत नाही' म्हणून स्वतःवर चिडणं सुरू होतं. हे चिडणं बरंचसं अनाठायी आहे. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2,250 प्रौढांना दिवसभरात अवचित वेळी फोनवरून विचारलं होतं, 'आत्ता काय करताय आणि मनात काय चाललंय?' 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. निरोगी माणसाचं मन असंच असतं.

अशा वेळी मेंदू रिकामा बसलेला नसतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला हा अवयव 20 टक्के ऊर्जा घेतो आणि अवघड गणित सोडवायला घेतलं तरी त्यात होणारी वाढ सहसा 5 टक्क्यांहून कमी असते. मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवून दिलं की मेंदूचे काही भाग बाहेरचं काम थांबल्यावरच जास्त सक्रिय होतात. कपाळामागचा मधला भाग, मागच्या बाजूला दोन अर्धगोलांच्या मधोमध असलेला पट्टा आणि कानाच्या वर-मागे असलेला भाग मिळून हे जाळं बनतं. त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. जुन्या आठवणी काढणं, उद्याचा प्रसंग आधीच मनात उभा करणं, समोरच्याला काय वाटलं असेल याचा अंदाज बांधणं, ही कामं याच जाळ्यावर चालतात. मुलाखतीच्या आदल्या रात्री मनातल्या मनात दिलेली उत्तरं म्हणजे एक प्रकारची रंगीत तालीमच.

मग मनोराज्यानं माणूस आनंदी होतो का? याचं सरसकट 'हो' असं उत्तर देता येत नाही. वर सांगितलेल्या 2010च्या अभ्यासात मन भटकत असताना लोक सरासरीनं कमी आनंदी होते. पण मन कुठं भटकतंय, यावर बरंच अवलंबून असतं. अप्रिय विचारांत गुंतलेले लोक खूपच खाली होते. सुखद विचारांत रमलेल्यांचा आनंद मात्र कामात लक्ष असलेल्यांइतकाच होता. 2013च्या एका अभ्यासात याहून बारीक गोष्ट दिसली. भूतकाळाकडे वळलेल्या विचारांनंतर मन खट्टू झालं, तर स्वतःच्या भविष्याबद्दलच्या विचारांनंतर सुधारलं, आणि तेही त्या विचारांत काळजीचा सूर असतानासुद्धा. जिवाभावाच्या माणसांबद्दलची दिवास्वप्नं प्रेम आणि जवळीक वाढवतात, असंही संशोधनात आढळलंय. घर सोडून पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. आईबरोबर ओट्याशी उभं राहून मारलेल्या गप्पा मनात आणणं म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे.

अडचण अशी की 'चला, आता छान विचार करू' म्हणून नुसतं बसलं तर जमत नाही. 2014 मध्ये टिमथी विल्सन यांच्या प्रयोगात लोकांना 15 मिनिटं खोलीत एकटं, काहीही न करता बसवलं होतं. हाताशी फक्त विजेचा सौम्य झटका देणारं बटण. तो झटका टाळण्यासाठी आपण पैसेही मोजू, असं आधी सांगणाऱ्या 18 पैकी 12 पुरुषांनी आणि 24 पैकी 6 स्त्रियांनी ते बटण स्वतःहून दाबलं. एकाच वेळी विषय शोधायचा, त्यात रमायचं आणि भरकटणारं मन पुन्हा जागेवर आणायचं, हे मेंदूला जड जातं. यावरचा उपायही याच संशोधकांनी तपासलाय. विषय आधीच ठरवून कागदावर लिहून समोर ठेवला की काम बरंच सोपं होतं.

म्हणून एका चिठ्ठीवर तीन-चार विषय लिहा, आणि ते नेमके हवेत. 'सुट्टी' हा शब्द फार मोघम आहे; 'डिसेंबरात दापोलीला गेल्यावर पहिल्या सकाळी काय करायचं' यावर मन टिकतं. सोबत हातांना बिनडोक काम द्या. मटार सोलणं यासाठी फार उत्तम: शेंग दाबली, अंगठा फिरवला, दाणे पातेल्यात. हात गुंतलेले असल्यानं मोबाइलकडे जात नाहीत आणि डोकं मोकळं राहतं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मेथी निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं, हनुमान टेकडीवरच्या पायाखालच्या वाटेनं चालणं, हेही चालेल. कानात पॉडकास्ट मात्र नको, कारण शब्द ऐकायला लागलं की मनाला स्वतःचं बोलायला जागाच उरत नाही.

अडलेला प्रश्न सुटण्यासाठीही हीच युक्ती वापरतात. 2012च्या एका प्रयोगात 12 मिनिटं सोपं काम दिलेल्या गटाची कामगिरी आधी हाताळलेल्याच प्रश्नांवर जवळपास 40 टक्क्यांनी सुधारली. नव्या प्रश्नांवर फरक पडला नाही. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम दिसला नाही, म्हणून त्यावर फार भिस्त नको. पण प्रश्नाशी आधी झटापट केल्याशिवाय तंद्रीतून काही हाती लागत नाही, इतकं नक्की.

मनातल्या मनात मांडे खाण्याचा धोकाही खरा आहे. गॅब्रिएल एटिंगन यांनी 1991 मध्ये वजन कमी करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. बारीक झाल्याची गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं वजन वर्षभरात इतरांपेक्षा सुमारे 11 किलोंनी कमी घटलं. मेंदूला यश मिळाल्यासारखंच वाटतं आणि जोर ओसरतो. त्यामुळे ध्येयाचं दिवास्वप्न अर्ध्यावर सोडू नये. निकालाच्या यादीतलं नाव पाहून झालं की लगेच स्वतःचा अडथळा पाहावा: मेसवरून आल्यावर मोबाइल हातात घेतला की साडेअकरा वाजतात. मग 'मेसवरून आलो, की मोबाइल दाराजवळच्या प्लगला लावायचा आणि कालच्या नोट्स उघडायच्या' असं 'जर-तर'च्या भाषेत ठरवावं. अडथळा बाहेरचा शोधला, की ही पद्धत फसते.

गाडी चालवताना तंद्री अजिबात नको. डोळे उघडे असले तरी बाहेरच्या दृश्याला मेंदूचा प्रतिसाद तेव्हा मंदावतो. नवले पुलाच्या उतारावर तो क्षण महागात पडेल. वनाज ते रामवाडी मेट्रोत खिडकीशी बसून मात्र खुशाल हरवून जा.

विचार पुढे सरकतोय की तिथंच घुटमळतोय, हे पाहायला शिकावं. 'तो असं का बोलला' हे दहाव्यांदा मनात आलं, तर ते मनोराज्य राहिलेलं नाही. ती उगाळणी आहे आणि ती नैराश्याला खतपाणी घालते. तेव्हा उठावं, जागा बदलावी, लक्ष पूर्ण गुंतेल असं काम घ्यावं. दुसरा प्रकार एली सोमर यांनी 2002 मध्ये मांडला: संगीत लावून, येरझारा घालत, तासन् तास गुंतागुंतीच्या कथांत बुडून जाणं आणि थांबवायचं म्हटलं तरी न थांबणं. झोप, अभ्यास, नाती यांवर परिणाम होऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.