शॉर्टकटने मजकूर टाका, पण ऐकून पुढे जा

तोच पत्ता, तोच मोबाईल नंबर, तेच ‘आपल्या अर्जासोबत खालील कागदपत्रे जोडावीत’. रोज दहा वेळा टाईप करायचं आणि स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, दहा वेळा अक्षर-अक्षर ऐकून तपासायचं. टायपिंगपेक्षा हे तपासणंच जास्त वेळ खातं. मजकूर एकदा नीट तपासून शॉर्टकटला बांधला की तो त्रास सुटतो. दादरच्या आमच्या दुकानात एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बसवून घेणाऱ्यांना आम्ही हेही करून देतो.

एक गैरसमज आधी दूर करू. एनव्हीडीएच्या ‘इनपुट जेस्चर्स’मध्ये फक्त त्याच्या स्वतःच्या आज्ञांच्या कळा बदलता येतात, आपला मजकूर तिथे ठेवता येत नाही. त्यासाठी दुसरा प्रोग्रॅम लागतो. फक्त वर्डपुरतं हवं असेल तर त्यातलं ऑटोकरेक्ट पुरतं: छोटं लघुरूप टाईप केलं की त्याजागी पूर्ण मजकूर येतो. मेल, ब्राउझर, ऑनलाइन फॉर्म असं सगळीकडे हवं असेल तर ऑटोहॉटकी हा प्रोग्रॅम, तोही फुकट. त्याची फाईल साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते: दोन कोलन, लघुरूप, पुन्हा दोन कोलन आणि लगेच पूर्ण मजकूर. मजकूर मराठी असेल तर सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतंच काही उमटू शकतं.

लघुरूप म्हणून रोजच्या वापरातला शब्द घेऊ नका. एका ग्राहकांनी ‘घर’ ठेवलं होतं. घरभाड्याच्या पत्रात तीन ठिकाणी त्यांचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट घुसला, आणि ते कळलं पत्र गेल्यावर! शिवाय लघुरूप इंग्रजी अक्षरांत असेल तर कीबोर्ड मराठीवर असताना ते चालणार नाही.

लघुरूपाऐवजी कळांची जोडी हवी असेल तर जरा जपून. कंट्रोल-ऑल्ट-एन ही एनव्हीडीए सुरू करायची नेहमीची जोडी. कंट्रोल-ऑल्टसोबत १, २, ३ दाबलं की वर्ड ओळीचं शीर्षक करून टाकतो. जोडी ठरवण्याआधी एनव्हीडीए कळ (सहसा इन्सर्ट) आणि १ दाबून इनपुट हेल्प, म्हणजे कुठली कळ काय करते ते सांगणारी सोय, सुरू करा आणि ती जोडी दाबून ऐका: एनव्हीडीएने तिला काही काम सांगितलं तर ती सोडा. बाहेर यायला पुन्हा एनव्हीडीए आणि १. वर्डच्या स्वतःच्या जोड्या मात्र इथे ऐकू येत नाहीत, त्या आम्ही तपासून देतो.

आता मुख्य गोष्ट. मजकूर पडला की स्क्रीन रीडर तो आपणहून वाचेलच असं नाही. वर्डमध्ये तुम्ही दाबलेली अक्षरं तेवढी ऐकू येतात, पुढे उमटलेलं वाक्य नाही. म्हणून दरवेळी एनव्हीडीए आणि वरचा बाण दाबून ओळ ऐका. एनव्हीडीएमध्ये कळांची लॅपटॉप मांडणी निवडली असेल तर एनव्हीडीए आणि एल. दोन सेकंदांचं काम, पण हेच सगळे विसरतात.

पासवर्ड, खाते क्रमांक, आधार क्रमांक ऑटोहॉटकीच्या फाईलमध्ये ठेवू नका. ती साधी उघडी फाईल असते, संगणकावर बसणारा कुणीही वाचू शकतो.

आयफोनवर हीच सोय सेटिंग्जमध्ये जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट इथे मिळते.

दुकानात येताना रोज लागणारी पाच-सहा वाक्यं मोबाईलवर लिहून आणा. ऑफिसच्या संगणकासाठी हवं असेल तर नवा प्रोग्रॅम टाकायची परवानगी आधी विचारून घ्या. नाही मिळाली तर वर्डच्या ऑटोकरेक्टवर भागवू.