मळीतलं अल्कोहोल, केळ्याचा पिवळा रंग

सांगलीत केळी पिकवायच्या एखाद्या खोलीत डोकावलात, तर कोपऱ्यात एक छोटं यंत्र दिसेल. त्यात पाण्यासारखा द्रव ओततात, बटण दाबतात आणि खोलीत फळं पिकवणारा इथिलीन वायू पसरतो. तो द्रव म्हणजे मुख्यतः इथेनॉल. आपल्या साखरपट्ट्यात उसाच्या मळीपासून डिस्टिलरीत काढतात तेच अल्कोहोल.

इथेनॉलमधून पाण्याचा एक रेणू काढला की उरतं इथिलीन. 46 ग्रॅममधून 18 ग्रॅम पाणी जातं, 28 ग्रॅम वायू मिळतो. हिशेब सोपा, पण पाणी सुखासुखी सुटत नाही. इथेनॉलच्या कार्बनला जोडलेल्या ओएच गटाला (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) एकट्यानं निघायचं तर ऋण प्रभार घेऊन निघावं लागेल, आणि ते त्याला परवडत नाही. आम्ल त्याला एक प्रोटॉन, म्हणजे धन प्रभाराचा हायड्रोजन, देतं. मग तो ओएच राहतच नाही, कार्बनला लटकलेलं पाणी होतो आणि गळून पडतो. शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो. त्यांचाच दोन कार्बनांमध्ये दुसरा बंध बनतो. सुटलेला प्रोटॉन आम्लाकडे परत. उसनं घेतलं, फेडलं! म्हणून आम्ल इथे उत्प्रेरक: काम घडवून आणतं, स्वतः खर्च होत नाही.

प्रयोगशाळेत यासाठी संहत सल्फ्युरिक आम्ल आणि 170 अंश सेल्सिअस तापमान लागतं. 140 अंशांवरच रेंगाळलात आणि अल्कोहोल जास्त असलं, तर दोन रेणू मिळून एकच पाणी सोडतात आणि हाती इथर येतं, एकेकाळी शस्त्रक्रियेत भूल द्यायला वापरायचे ते. गुऱ्हाळात काहिल लवकर उतरवली तर काकवी, जरा पुढे गेली की गूळ, तसंच काहीसं.

सल्फ्युरिक आम्ल मात्र द्वाड. थोडं अल्कोहोल जाळून मिश्रण काळंकुट्ट करतं, वर सल्फर डायऑक्साइडचा ठसका. म्हणून केळ्यांच्या खोलीत ते नसतंच. यंत्रात तापलेला घन उत्प्रेरक असतो. ॲल्युमिनासारख्या (ॲल्युमिनियम ऑक्साइड) पदार्थाच्या पृष्ठभागावरच्या आम्लधर्मी जागा हेच काम करतात.

फळं पिकवायला कार्बाइडवर बंदी आहे. इथिलीन हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत चालतं. केळं स्वतःही इथिलीन बनवतं, पण मेथिओनिन या अमिनो आम्लापासून, आणि तेही खोलीच्याच तापमानाला.