गुळगुळीत भिंतीचं बिंग

आमच्या हॉलमध्ये छतालगत एलईडीची पट्टी बसवली, त्या संध्याकाळी कळलं की भिंत सपाट नाही. इतकी वर्षं ती सपाटच दिसत होती. आता गवंड्याची थापी कुठे जास्त दाबली गेली, वायरिंगची खाच कुठे बुजवली, सगळं उघडं पडलं. रंगारी आला, एकदा तिरकं पाहिलं आणि म्हणाला, "ह्याला लांबी भरत बसू नका. टेक्श्चर मारून टाकू." लांबी म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी, आणि टेक्श्चर म्हणजे मुद्दाम खडबडीत, रवाळ ठेवलेला रंगाचा थर.

भिंत तीच होती, बदलला होता उजेडाचा कोन. उजेड समोरून येतो तेव्हा गिलाव्यात एखाद्या अंशाचा चढ असला तरी त्या जागेच्या उजळपणात एक टक्कासुद्धा फरक पडत नाही. तोच उजेड भिंतीला घासून, समजा ५ अंशांनी आला, तर त्याच एका अंशाने उजळपणा सुमारे २० टक्क्यांनी बदलतो. मग लाटा दिसणारच. चांगले रंगारी लांबी घासताना बल्ब भिंतीलगत धरतात तो यासाठीच. त्यात चकचकीत रंग असेल तर विचारू नका. खिडकीचं प्रतिबिंबही वाकडं दिसतं.

टेक्श्चरने लाटा जात नाहीत, फक्त हरवतात. मोझॅकच्या फरशीवर साबुदाणा सांडून पाहा. एकरंगी लादीवर दाणा लगेच दिसतो, मोझॅकवर हाताने चाचपावं लागतं. डोळा शेजारशेजारच्या उजळपणातला फरक टिपतो. भिंतभर मिलिमीटरभराचे हजारो उंचवटे आपापली सावली पाडू लागले की त्या गर्दीत गवंड्याची लाट वेगळी काढता येत नाही.

अमेरिकेत हे प्रकरण आणखी रोखठोक आहे. तिथल्या बहुतेक घरांत आतून गिलावा नसतोच. ४ बाय ८ फुटांसारखे जिप्समचे बोर्ड लाकडी चौकटीवर स्क्रूने ठोकतात आणि सांध्यांवर पट्टी चिकटवून लांबी ओढतात. प्रत्येक सांधा बेमालूम करायचा तर सगळ्या भिंतीवर पातळ थर द्यावा लागतो, त्यात मजुरी जाते. त्यापेक्षा संत्र्याच्या सालीसारखा फवारा मारला की काम झालं. छतांवर तर लाह्यांसारखा जाड थर फवारत. जुन्या थरांत पुष्कळदा श्वासातून फुफ्फुसात गेलं तर घातक ठरणारं अ‍ॅस्बेस्टॉस असे. सजावटीसाठी ते फवारण्यावर १९७८ मध्ये तिथे बंदी आली. म्हणून असं जुनं छत तपासणी न करता खरवडू नये.

टेक्श्चरने खोलीतला आवाज घुमत नाही, असंही ऐकवतात. हे मला पटत नाही. बोलण्यात सहज येणाऱ्या १००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर; तिला मिलिमीटरभराचे खळगे जाणवतही नाहीत. पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं यांचा उपयोग जास्त. ओल लपवायलाही टेक्श्चर नको. आत पाणी मुरत असेल तर रंगाबरोबर तेही पोपडे होऊन पडतं.

आम्ही ती एकच भिंत करून घेतली. रात्री पट्टी लावली की आता नुसती बारीक रवाळ सावली दिसते, लाट शोधूनही सापडत नाही. रंगारी स्वयंपाकघराचंही विचारत होता. तिथे नको म्हटलं. फोडणीचा चिकटा त्या खळग्यांत बसला, की फडक्याने निघत नाही.