टायर काळे कधी झाले आणि त्यांना चमकवायचं खूळ आलं कुठून

गाडी धुतली, पुसली, काचा लख्ख केल्या आणि तरी काहीतरी अर्धवट वाटतं, कारण टायर. करडे, मळकट, कडेला तपकिरी झाक मारणारे. मग टायर पॉलिशची बाटली बाहेर येते, दोन फवारे मारले, स्पंज फिरवला की गाडी एकदम शोरूममधून आत्ताच आणल्यासारखी. टायर म्हणजे काळाच असणार आणि काळा म्हणजे चमकायलाच हवा हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्यात काही विचार करण्यासारखं आहे हेच डोक्यात येत नाही. पण मुळात रबर काळं नसतंच, आणि जो तपकिरीपणा आपण घासघासून काढतो तो सगळा मळ नसतो, त्यातलं बरंचसं टायरचं स्वतःचं औषध असतं. हे कळलं की बाटली निवडणंही सोपं जातं, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

झाडातून निघणारा रबराचा चीक दुधासारखा पांढरा असतो. नुसतं रबर उन्हात चिकट व्हायचं, थंडीत कडक व्हायचं, त्यामुळे फार उपयोगाचं नव्हतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करता येतं हे सापडलं आणि १८४४ मध्ये त्याने अमेरिकेत पेटंट घेतलं. हवा भरलेल्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसनने ब्रिटनमध्ये १८४५ लाच घेऊन ठेवलं होतं, पण तेव्हा ना सायकली होत्या ना मोटारी, घोडागाड्यांना कोण लावणार, त्यामुळे ते तसंच पडून राहिलं. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट नव्याने केली आणि या वेळी ती चालली, कारण सायकलींचा काळ आला होता.

हे सगळे टायर फिकट, पिवळट-पांढरे. मिशेलिनचा तो टायरांच्या वळ्यांचा गुबगुबीत माणूस आहे ना, बिबेंडम, १८९८ चा, तो पांढरा का असा प्रश्न लहानपणी मलाही पडायचा. साधं उत्तर आहे, तेव्हा टायरच पांढरे होते. रबर मजबूत व्हावं म्हणून त्यात झिंक ऑक्साइड घालायचे, ते पांढरं, त्यामुळे टायर आणखीनच पांढरा. दिसायला छान असेल पण झिजायचा पटापट, थोड्याच दिवसांत टायरचा गोटा.

मग आली काजळी. कार्बन ब्लॅक म्हणजे सोप्या भाषेत काजळीच, तेल नाहीतर गॅस अर्धवट जाळून मिळवलेली, फक्त कण अतिशय बारीक. १९०४ च्या सुमाराला लंडनच्या सिल्व्हरटाउनमधल्या रबर कारखान्यात लक्षात आलं की ही काजळी रबरात मिसळली की रबर कमालीचं चिवट होतं. १९१० च्या दशकात अमेरिकेत गुडरिच कंपनीने ती टायरात घालायला सुरुवात केली आणि काजळी पुरवणारी कंपनी कोण, तर बिनी अँड स्मिथ, म्हणजे १९०३ पासून क्रेयोला नावाचे रंगीत खडू बनवणारे! पोरांच्या खडूंचा डबा आणि गाडीचे टायर यांचं असं नातं असेल असं कुणाला वाटेल. काजळीचा दुसरा फायदा म्हणजे ती उन्हातली अतिनील किरणं शोषून घेते, आतल्या रबरापर्यंत जाऊच देत नाही. म्हणजे बाटलीवर "यूव्ही प्रोटेक्शन" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं त्यातलं बरंचसं काम टायर शंभरेक वर्षांपासून स्वतःच करतोय, हे लक्षात ठेवा आणि मग त्या लेबलला किती भाव द्यायचा ते ठरवा.

आता गंमत बघा. सुरुवातीला काजळी फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात घालायचे, कारण झिजतो तोच भाग, बाजू पांढरीच ठेवायचे. त्यातून आला व्हाइटवॉल टायर. म्हणजे ज्याला नंतर आपण श्रीमंती थाट समजायला लागलो तो मुळात काटकसरीतून आलेला. तेव्हा उलट पूर्ण काळा टायर भारी मानला जायचा, जास्त काजळी लागायची आणि रोज धूत बसावं लागायचं नाही, त्यामुळे महागड्या गाड्यांना पूर्ण काळे टायर असायचे. १९२० च्या दशकाच्या शेवटाकडे वारं फिरलं. पांढरी बाजू स्वच्छ ठेवायची म्हणजे ब्रश, साबण, ब्लीच घेऊन बसायला हवं, आणि ते करायला वेळ किंवा नोकर ज्याच्याकडे आहे तो दिसून यायला लागला. टायर धुणं ही दाखवायची गोष्ट झाली ती तिथून, असं मला वाटतं. पुढे हा पांढरा पट्टा बारीक होत गेला, १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉमवर तो जेमतेम एक इंच उरला होता. मग बारीक रेघा, मग नुसती पांढरी अक्षरं, आणि शेवटी साधा काळा टायर. पांढरं गेलं पण उठून दिसायची हौस कुठे जाणार, ती चमकदार काळ्यात आली.

या पांढऱ्या-काळ्याच्या संसारात एक भांडण होतं आणि आपल्या विषयाचं मूळ त्याच भांडणात आहे. हवेत थोडा ओझोन असतो, अगदी थोडा, पण ताणलेल्या रबराला तो चिरा पाडतो. १९४२ मध्ये जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे ताब्यात घेतल्यावर अमेरिकेने धडाधड सिंथेटिक रबर बनवायला घेतलं, त्यालाही हा रोग होताच. उपाय दोन निघाले. एक, रबरात मेण घालायचं, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि पातळ पडदा धरतं. दुसरा, ओझोनला आधी स्वतःच खाऊन टाकणारी रसायनं घालायची, त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ६पीपीडी. हे रसायनसुद्धा आतून बाहेर झिरपत राहतं, ओझोनशी भिडतं आणि तपकिरी होतं. टायरवरचा तपकिरीपणा तो हाच! याच डागामुळे पांढऱ्या पट्ट्याखाली वेगळा अडसर-थर द्यावा लागतो, नाहीतर शेजारचं काळं रबर पांढऱ्याला पिवळं करून टाकतं, आणि पांढऱ्या अक्षरांचा नवा टायर मिळतो तेव्हा अक्षरांवर निळसर लेप असतो तोही याचसाठी, तो पाण्याने निघून जातो, डाग बघून घाबरायचं काम नाही.

गाडी चालत असली की टायर दबतो, सुटतो, त्या हालचालीने आतलं मेण वर येत राहतं. महिनोन्महिने एका जागी उभ्या गाडीचे टायर म्हणूनच लवकर चिरतात, न चालवता खराब झाले म्हणून लोक चकित होतात, पण कारण हेच.

मग टायरला काहीतरी लावायची पद्धत. आधी घरगुती प्रकार होते, ग्लिसरीन, बुटाचं काळं पॉलिश, रॉकेल, डिझेल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल लावलेला टायर दिसतो खरंच सुंदर, पण त्याचा थेंब बॉडीवर पडला की रंग उठतो. रॉकेल-डिझेलचं असं की ते रबर फुगवतं आणि ते वर आलेलं मेण विरघळवून नेतं, म्हणजे आज चमक आणि पुढे चिरा. टायर कंपन्या पेट्रोलियमवाले क्लीनर आणि ड्रेसिंग, म्हणजे टायरला लावायचं पॉलिश, टाळा असं सांगतात ते उगाच नाही.

खरा बदल सिलिकोनने, म्हणजे सिलिकॉन या मूलद्रव्यापासून बनवलेल्या तेलासारख्या पदार्थाने केला. हे नाव इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंगने दिलेलं, त्याला स्वतःला त्याचा काही व्यवहारात उपयोग होईल असं वाटत नव्हतं म्हणे. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी स्थापन झाली ती सिलिकोनसाठीच, आणि सुरुवातीचं काम विमानांच्या इग्निशनमध्ये ओल जाऊ नये म्हणून लागणारं ग्रीस. युद्ध संपल्यावर हे सिलिकोन तेल घरोघरच्या पॉलिशमध्ये शिरलं. १९६२ मध्ये जो पाल्चर नावाच्या रसायनतज्ज्ञाने रबर आणि प्लास्टिक जपायला एक द्रव बनवला, नाव ठेवलं ट्रिडॉन, इंग्रजीत "नो डर्ट" उलटं वाचलं की हेच होतं. १९७२ मध्ये ॲलन रिपिन्स्कीने ते घेऊन आर्मर ऑल नावाने विकायला काढलं आणि तिथून टायर चमकवणं ही घरच्या घरी रविवारी करायची गोष्ट झाली.

आज बाटल्या कितीही रंगीत असल्या तरी घराणी मोजकीच. पाण्याचं, म्हणजे पांढरं, दुधासारखं, सिलिकोनचे बारीक थेंब पाण्यात पसरवलेले. आणि सॉल्व्हंटचं, म्हणजे पाण्याऐवजी रॉकेलसारख्या उडून जाणाऱ्या द्रवातलं, पारदर्शक, तेलकट, उग्र वासाचं, एकदा लावलं की ओल्यासारखं चमकणारं. कॅलिफोर्नियाने हवेत उडणाऱ्या सॉल्व्हंटवर बंधनं घातली, रबर-व्हाइनिल प्रोटेक्टंट हा प्रकारही त्यात आला, त्याने पाण्याच्या बाटल्यांना जोर मिळाला. अलीकडे टायरची सिरॅमिक कोटिंग आलीत, जास्त टिकतात, पण टायर धुवायची मेहनतही तेवढीच जास्त मागतात. मी स्वतः पाण्याचंच घेतो, चमक कमी, पण मला नव्या टायरसारखा दिसणारा टायर हवा असतो, तेल चोपडलेला नको. ज्याला आरशासारखा हवा त्याने जेल, म्हणजे घट्टसर पॉलिश, घ्यावं, आवड आपली आपली.

जेलवरून आठवलं. मी पहिल्यांदा जेल आणलं तेव्हा जितकं जास्त तितकं चांगलं असं समजून चांगलं भरभरून फासलं, टायर न घासता, वरवर पाणी मारून, अजून ओलाच होता. लगेच गाडी काढली आणि परत आलो तर दोन्ही बाजूंच्या दारांवर चाकाच्या मागून तिरप्या उडालेल्या काळ्या ठिपक्यांची रांग, आणि त्यावर चिकटलेली धूळ. अर्धा दिवस ते काढण्यात गेला. चूक बाटलीची नव्हती, माझी होती.

तर खरं काम लावण्यात नाही, घासण्यात आहे. कडक ब्रश, क्लीनर, आणि घासायला लागलात की फेस आधी तपकिरी येतो, दुसऱ्यांदा फिकट, तिसऱ्यांदा पांढरा. फेस पांढरा आला की टायर तयार, जुनं पॉलिशही त्यात निघून जातं. मग पूर्ण वाळू द्या, खाचेतलं पाणीसुद्धा, नाहीतर ड्रेसिंग रबरावर बसतच नाही. स्पंजवर थोडं घेऊन पातळ हात, थोडा वेळ थांबा, फडक्याने जास्तीचं पुसा, चमक हवीच असेल तर दुसरा पातळ हात. थेट टायरवर फवारू नका, फवारा ब्रेक डिस्कवर जातो आणि ते परवडणारं नाही. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीच नाही, आणि दुचाकीच्या टायरला तर अजिबातच नाही, ती वळताना कडेवर झुकते. घरात गाडीचं रंगकाम चालू असेल तर ही बाटली लांब ठेवा, सिलिकोनचा अंश पत्र्यावर राहिला तरी नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात, पेंटरलोक सिलिकोनचं नाव काढलं तरी वैतागतात ते यामुळेच.

नव्याकोऱ्या टायरवर पॉलिश टिकत नाही ही तक्रार बऱ्याच जणांची असते. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला निसरडा थर वर असतो, तो घासून जाईपर्यंत काहीच धरणार नाही.

आणि जुनी गाडी बघायला गेलात, टायर काळेभोर चमकताहेत, तर खाली वाकून बाजूवरचा डीओटी कोड, म्हणजे टायर कधी बनला ते सांगणारा क्रमांक, शोधा, शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ही पद्धत २००० पासूनची. तीनच आकडे दिसले तर टायर त्याच्याही आधीचा, मग चमक कितीही असो. ओल्या चमकेखाली बारीक चिरा दिसत नाहीत, फडक्याने पुसून बोटाने जरा रबर वाकवून बघा.

त्या तपकिरी रसायनाची गोष्ट मात्र अजून चालूच आहे. ६पीपीडी ओझोनशी भिडल्यावर जे तयार होतं ते रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्यातून ओढ्यांमध्ये जातं आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोहो जातीचे सामन मासे त्यानेच मरत होते, हे २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने ६पीपीडी असलेले टायर खास लक्ष ठेवायच्या यादीत घातले आणि कंपन्यांना पर्याय शोधणं भाग पडलं. पर्याय मिळाला आणि तो डाग न पाडणारा निघाला तर ब्रशखाली येणारा तो तपकिरी फेस बराच फिका पडेल.